खांबवळीत दानव मरत नाही

खांबवळ गावाच्या वरच्या अंगाला, देवळापासून हाकेच्या अंतरावर, जांभ्या दगडात खोदलेले एक तळे आहे. त्याला दानवतळी म्हणतात. काठावर बाकड्याच्या आकाराची एक काळी शिळा आहे. चढ चढून आलेला पाहुणा तिच्यावर हमखास टेकतो आणि त्याला तिथून हमखास उठवले जाते. उठवणारे धाकू घाडी. देवळाच्या कामाचा मान त्यांच्या घराण्याकडे आहे. वय ऐंशीच्या पुढे गेले असले तरी आवाज अजून डोंगराला धडकून परत येईल असा आहे.

"उठा बगू थंयसून," ते म्हणतात. "थंय बसला तर जबाब देवचो लागता."

पाहुणा हसतो आणि उठतो. सोवळ्याओवळ्याचा काही प्रकार असेल असे त्याला वाटते. पण तसे काही नाही.

तळीच्या पलीकडच्या काठावर कुठल्याशा सुशोभीकरणात लागलेला एक निळा फलक आहे. गावच्या दानशूर खोतांनी हे तळे लोकांना दान दिले, असे त्यावर लिहिले आहे. एका वाक्यात इतके खोटे बसवणे सोपे नसते. तळे खोताचे नव्हते, त्यामुळे दान देण्याचा प्रश्नच येत नव्हता. आणि खोताने ते दिलेले नाही. ते त्याच्याकडून सोडवून घेतले गेले, भरदुपारी, मृदंगाच्या ठेक्यावर, सगळा गाव पोट धरून हसत असताना. ज्यांनी ते सोडवले त्यांच्यापैकी एकाचेही नाव फलकावर नाही. धाकू घाडींना ती नावे तोंडपाठ आहेत. पाहुण्याला शिळेवरून उठवून ते समोरच्या पायरीवर बसवतात आणि मग सांगतात.

फार जुनी गोष्ट आहे म्हणे. खांबवळीत मोरोबा खोताचा अंमल होता. सरकारसाठी सारा गोळा करणारा तो खोत. पण सारा गोळा करता करता गावही आपलेच आहे असे त्याला वाटू लागले होते. होळी सरली की गावातल्या विहिरी आटायच्या आणि पाणी उरायचे ते फक्त या तळ्यात. तळे कोणी खोदले हे कोणालाच ठाऊक नव्हते. जे कोणाचेच नाही ते आपले, असा खोताचा हिशेब. त्याने तळ्याभोवती दगडांचा गडगा घातला, वाटेवर बांबूचे बेडे, म्हणजे फाटक, बसवले, बेड्याला कुलूप लावले आणि चावी कमरेच्या करगोट्याला बांधली. तळ्याचे सगळे पाणी त्याच्या पोफळीच्या बागेला जाऊ लागले. गावातल्या बायका डोंगर उतरून नदीवर जाऊ लागल्या. रिकामा हंडा घेऊन उतरणे आणि भरलेला घेऊन चढणे यात काय फरक असतो, ते पुरुषांना कळायलाही बराच काळ गेला, असे धाकू घाडी सांगतात, आणि सांगताना पाहुण्यांतल्या पुरुषांकडेच बघतात.

खांबवळची जत्रा चैत्रातली. त्या वर्षी जत्रेला गणबा नाईकाची दशावतारी मंडळी आली. बाजाची पेटी तेव्हा कोकणात यायची होती. त्यामुळे एक मृदंग, एक झांज, वेषांचा एक पेटारा आणि पाच-सहा नट एवढीच मंडळी होती. राजाचे सिंहासन, इंद्राचा दरबार, राणीचा महाल आणि डोंगराची कडा, या सगळ्यांसाठी मिळून एकच लाकडी बाकडे.

दशावतारात लिहिलेले काही नसते. संध्याकाळी पान जुळवता जुळवता नाईक आख्यान सांगतो. कोण राजा, कोण राणी, कोण दानव आणि शेवटी कोण मरतो, इतकेच. बाकीचे बोलणे उभे राहिल्यावर सुचेल तसे. पण म्हणून तिथे काहीही चालते असा समज नको. गणबा नाईकाच्या मंडळीचे नियम कडक होते. समोरच्याने टाकलेला शब्द उचलायचाच. एकदा बोललेले परत घ्यायचे नाही, कारण ते देवासमोर बोललेले असते. आणि पहाटे दहीकाल्याची हंडी फुटून खेळ संपेपर्यंत कोणीही अंगावरचा वेष उतरवायचा नाही.

मंडळीत दानव करायचा झिलू पेडणेकर. उंचीला ताडासारखा आणि गर्जना अशी की झोपलेली पोरे दचकून उठायची. त्याची धाकटी बहीण गंगू खांबवळीत दिलेली होती. दुपारी गावात पोहोचल्याबरोबर तो तिच्याकडे गेला. ती तीन महिन्यांची बाळंतीण होती. तिने दारातच त्याच्या हातात पाण्याचा तांब्या दिला. उन्हातून आलेला माणूस, त्याने तो एका दमात रिकामा केला आणि आणखी मागितला. गंगू आत गेली, आणि आतून हंडा कलता केल्याचा, मग आणखी कलता केल्याचा आवाज आला. तांब्याच्या तळाला जेमतेम पाणी घेऊन ती बाहेर आली.

"तू पी," झिलू म्हणाला.

"मी मगाशीच पियालंय."

तिचे ओठ पांढरे पडले होते. नदीवर सकाळीच जाऊन आले, आता उन्हे कलल्यावर पुन्हा जायचे, मग रात्री नाटक बघायला येईन, असे ती बोलत राहिली. झिलूने तांब्या तसाच खाली ठेवला. तळे तर इथे डोक्यावर आहे, मग नदीवर कशाला, असे त्याने विचारल्यावर तिने फक्त वर बोट दाखवले. बेड्याचे कुलूप उन्हात चमकत होते.

इकडे देवळात वेगळाच प्रसंग घडत होता. मोरोबा खोताला त्या वर्षी राजा व्हायची हौस आली होती. दुसऱ्या गावचा कोणी नट आपल्या गावात मुकुट घालून बसतो आणि आपण खाली घोंगडीवर, हे त्याला पटेना.

गणबा नाईक शहाणा माणूस. त्याने समजावून पाहिले. "खोतानू, राजा म्हणजे नुसतो बाकड्यार बसाचो नसता. इचारल्याक उत्तर देवक व्हया."

"माका गावात कोण इचारता?" खोत म्हणाला.

"तोच तर घोळ आसा. तुमका सवय नाय."

खोताला हे बोलणे स्तुतीचे वाटले. नाईकाने नियम सांगितले. शब्द उचलायचा, परत घ्यायचा नाही, हंडी फुटेपर्यंत मुकुट काढायचा नाही. खोताने देवासमोर उभे राहून तिन्ही मान्य केले. त्याला त्यात अवघड काहीच दिसले नाही. आख्यान कुठले करायचे, असे नाईकाने विचारले तर म्हणाला, "राजा शेवटी दानवाक मारता, असा खंयचाय."

दशावतारी नट आपला चेहरा आपणच रंगवतो. खोताला ते येईना. आरसा हातात घेऊन त्याने भुवया काढल्या त्या दोन वेगळ्या उंचीवर गेल्या. शेवटी झिलूने त्याला समोर बसवले. दानवाने राजाचा चेहरा रंगवला, त्याला पितांबर नेसवले आणि शेला आवळला. शेला आवळताना त्याच्या हाताला करगोट्याची चावी लागली. झिलूने त्यावरच शेल्याची गाठ मारली.

"मगे ठरवल्यान काय सगळा तेव्हाच?" एखादा पाहुणा विचारतो.

"दशावतारात ठरवून काय होता?" धाकू घाडी म्हणतात. "ठरवला असता तर फसला असता."

गणपतीचे स्तवन झाले. संकासुर येऊन पोरांना हसवून गेला. मध्यरात्र उलटून गेली, राणी झाली, प्रधान झाला. खोत बाकड्यावर बसून होता आणि दर वाक्याला 'बरोबर आहे' एवढेच म्हणत होता. लोक डुलक्या घेत होते. पूर्वेला तांबडे फुटायच्या सुमाराला दानवाची वेळ आली. सगळे सावरून बसले, पोरांनी आयांचे पदर धरले.

झिलू आला तो गर्जना न करता. गदा जमिनीवरून ओढत, हळूहळू. येऊन राजासमोर उभा राहिला आणि नीट ग्रांथिक भाषेत म्हणाला, "महाराज, आपण माझा वध करणार हे मी जाणतो. मरायला माझी ना नाही. मात्र माझा अपराध आपल्या मुखाने ऐकण्याची इच्छा आहे."

हा काही सापळा नव्हता. कुठलाही दानव हे विचारतो आणि कुठल्याही राजाला उत्तर येते. तू ऋषींचे यज्ञ मोडलेस, तू गाई पळवल्यास, तू देवांना बंदीत टाकलेस. आपल्याकडचे शेंबडे पोरही ही यादी म्हणून दाखवील. पण खोताने आयुष्यात आख्यान लक्ष देऊन ऐकले नव्हते. तो जत्रेला यायचा तो आपल्याला नमस्कार कोण घालतो हे बघायला. त्याला काही सुचेना. वाजणारी झांज थांबली. सगळ्या गावाचे डोळे त्याच्यावर. घाम फुटलेल्या माणसाला जे सगळ्यात जवळ असते तेच हाताला लागते. खोत बाकड्यावरून अर्धवट उठला आणि ओरडला, "दुष्टा! तू... तू प्रजेचे पाणी अडवलेस!"

मग मागून कोणीतरी फस्सकन हसले. आणि मग जे काही उसळले, त्याला धाकू घाडी 'नदीक हुंवर येता तसा' म्हणतात, म्हणजे पूर आल्यासारखे. टाळ्या, शिट्ट्या, बायकांच्या आरोळ्या. खोताला वाटले ही दाद आपल्या अभिनयाला आहे. जन्मात पहिल्यांदाच त्याला भीतीने न दिलेली दाद मिळत होती, आणि ती चढते.

झिलूने शब्द उचलला. उचलणे भागच होते. "खरे आहे, महाराज. मी पाणी अडवले. पाणी अडवणाऱ्याला आपल्या राज्यात शासन काय?"

"शासन!" खोत आता पुरता उभा राहिला होता. "आजपासून ते तळे सर्वांना खुले! ही राजाज्ञा आहे! आणि ज्याने अडवले त्याने स्वतःच्या हाताने दार उघडावे! स्वतःच्या हाताने प्रजेला पाणी पाजावे!"

मृदंगावर बसलेला शाणू गुरव. त्याने अशी थाप मारली की कंदील हलले, असे सांगतात. पडद्याआड गणबा नाईकाने डोळे मिटून घेतले.

टाळ्या थांबेपर्यंत झिलू थांबला. मग त्याने गदा खाली ठेवली, गुडघे टेकले आणि हात जोडले. "आज्ञा शिरसावंद्य. हा दानव आपणास शरण आला आहे. दार उघडायला मी आताच निघतो. तेवढी चावी द्यावी."

"कसली चावी?" खोत म्हणाला.

"आपल्या करगोट्याला आहे ती."

मुकुटाखाली खोताचा चेहरा बदलत गेला तो शेवटच्या रांगेतूनही दिसला म्हणे. त्याने कमरेवर हात ठेवला. "ही चावी... ही येगळी आसा."

बायकांच्या घोळक्यात खोतीणबाय बसली होती. तिने जागेवरूनच सांगितले, "येगळी खंयची? बेड्याचीच ती. झोपतानासुदिक सोडणा नाय."

खोताने मग चिडून तलवार उपसली. दानवाला मारले की आख्यान संपते, एवढे त्याला ठाऊक होते. त्याने तलवार उगारली, पण मृदंग वाजेना. दशावतारात मृदंगाशिवाय युद्ध होत नाही. नुसता हात वर करून उभा राहिलेला राजा लाकडे फोडायला आलेल्या गड्यासारखा दिसतो. खोत तसाच दिसत होता.

"वाजय रे!" तो शाणूवर ओरडला.

शाणूने दोन्ही हात मांडीवर ठेवले. "शरण इल्लेल्याक मारतत तो ताल माका कोणी शिकवूक नाय, खोतानू."

"मगे खेळ संपलो. काढा ह्यो मुकुट."

आता गणबा नाईक बाहेर आला. हा माणूस जन्मभर गावोगावच्या खोतांपुढे वाकलेला. मंडळीला पुढच्या वर्षी बोलावतील की नाही, याची काळजी त्याच्याच माथ्यावर होती. त्याने एकदा झिलूकडे बघितले, एकदा पेटाऱ्यातल्या गणपतीच्या मुखवट्याकडे. मग खोताला वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, "संपलो कसो, म्हाराज? दानव जित्तो आसा, हंडी फुटूक नाय आणि आज्ञा अर्ध्यार आसा. तुमीच देवासमोर मान्य केलात."

तो 'खोतानू' न म्हणता 'म्हाराज' म्हणाला. तिथेच खेळ पुन्हा सुरू झाला.

सूर्य वर आला. इतर गावांत या वेळेला मंडळी पेटारा बांधून दुसऱ्या गावची वाट धरतात. खांबवळीत आख्यान वाढतच गेले. न लिहिलेल्या नाटकाचा हाच मोठा गुण. ते कुठे संपवायचे हे कागद ठरवत नाही. राणी झालेला गोविंद राणे हा मिशा काढलेला दणकट गडी. तो लुगड्याचा पदर सावरत आला आणि राजाच्या पायाशी बसून रडायला लागला. नाथ, आपलीच आज्ञा तुम्ही मोडलीत तर मी माहेरी जाईन आणि सगळी भांडी घेऊन जाईन. लोकांतून एकाने राणीला माहेरची वाट दाखवली. दुसरा राणीचा भाऊ झाला आणि हुंड्याचे विचारू लागला. गावचा सुतार आपण राजवैद्य असल्याचे सांगत आला, त्याने खोताची नाडी बघितली आणि निदान केले की महाराजांना शब्द अडकला आहे, तो बाहेर पडल्याशिवाय उतार नाही. न्याहारीची वेळ झाली तेव्हा बायका घरी गेल्या. परत आल्या त्या भाकऱ्या आणि रिकामे हंडे घेऊन. आम्ही प्रजा, असे म्हणून त्या पहिल्या रांगेत बसल्या.

राणीने खोतीणबायला विचारले, "सासूबाई, काय करू गे तुमच्या पोराचा?"

"सासू नाय, सवत मी तुजी," खोतीणबाय म्हणाली. "आणि बाय, ह्यो काय असो उठाचो नाय. ह्येका तहान लागूक व्हयी."

उन्हे तापली. खोताच्या तोंडावरचा रंग ओघळून दाढीत उतरला. मुकुट भिजून जड झाला. शेवटी तो उठला आणि कोणाकडे न बघता घरच्या वाटेला लागला. त्याला वाटले, निघून गेले की सुटलो. पण नाटकात राजा जिथे जातो तिथेच दरबार असतो. शाणूने मृदंग गळ्यात अडकवला आणि चालीचा ठेका धरून मागोमाग निघाला. झांजवाला निघाला. झिलू हात जोडून मागे, राणी पदर खोचून त्याच्या मागे. दोघांनी बाकडे उचलले, कारण महाराजांना कधी बसावेसे वाटेल सांगता येत नाही. त्यांच्या मागे सगळा गाव. खोत थांबला की ठेका थांबायचा, चालला की चालायचा. त्याने पावले भरभर टाकली तर शाणूने लय दुप्पट केली. एकदा खोत नुसता शिंकला, तर त्यावरही समेवर थाप पडली. असे सांगतात की त्या चढावर म्हातारी माणसेसुद्धा नाचत होती, आणि हसून हसून कोणाला चालता येत नव्हते म्हणून मिरवणूक लांबली.

घरची वाट तळ्यावरून जात होती. बेड्याशी पोहोचल्यावर खोत गडग्याला टेकला. लोकांनी बाकडे टेकवले. तो बसला.

"पाणी," तो म्हणाला. पहाटेपासून त्याने मागितलेली ती पहिलीच वस्तू.

झिलूने खेदाने मान हलवली आणि आपल्या दानवाच्या आवाजात तो म्हणाला, "पाणी दानवाने अडवले आहे, महाराज. आणि आपली आज्ञा अजून वाटेत आहे."

मग बायकांनी रिकामे हंडे मांडीवर पालथे घेतले आणि त्यांवर बोटे वाजवायला सुरुवात केली. आधी एकीने, मग सगळ्यांनी. शाणूने कान देऊन ऐकले आणि आपला ठेका त्यांच्या ठेक्याखाली बसवला. एरवी मृदंग पुढे असतो, त्या दिवशी तो हंड्यांच्या मागे गेला. रिकाम्या हंड्याला जो घुमार असतो तो भरलेल्याला नसतो. तो आवाज पोफळीच्या बागेपलीकडे, खालच्या वाडीपर्यंत ऐकू गेला म्हणे, आणि जे अजून घरी होते तेही वर आले.

त्या आवाजातून गंगू पुढे आली. बाळ पाठीशी बांधलेले, हातात तांब्या. तिच्या घरात उरलेले तेवढेच पाणी होते. ती काही नाटक करत नव्हती. उन्हात बसलेला घामाघूम माणूस पाणी मागत होता आणि तिच्याकडे पाणी होते, म्हणून ती ते घेऊन आली.

"पिया," ती म्हणाली. "हंय इतक्याच आसा."

हंडे वाजायचे थांबले. झिलूच्या तोंडचा दानव गेला. तो नुसता भाऊ होऊन उभा राहिला. हे त्याने मांडलेले नव्हते. तिने शेवटचे पाणी याला द्यावे, हे त्याला नको होते. तो एक पाऊल पुढे आला आणि थांबला, कारण तांब्या आता राजाच्या हातात होता, आणि पुढची वेळ राजाची होती.

खोताने तांब्या ओठापर्यंत नेला. आत बघितले. तांब्याच्या काठावरून त्याला गंगूचे ओठ दिसले. तिने कोरडाच आवंढा गिळला. लोकांना वाटले, आता हा पिणार आणि उठून जाणार.

त्याने तांब्या खाली घेतला. "दानवा," तो म्हणाला, "ओंजळ कर."

झिलूने ओंजळ केली. खोताने अर्धे पाणी त्या ओंजळीत ओतले आणि अर्धा तांब्या गंगूच्या हातात परत दिला. मग पितांबराच्या निऱ्यांत हात घालून बराच वेळ खुडबुड केली. करगोट्याची गाठ घामाने घट्ट बसली होती, ती सुटेना. शेवटी खोतीणबाय पुढे आली आणि तिने ती दातांनी तोडली. खोताने स्वतःच्या हाताने कुलूप काढले, मुकुटासकट पायऱ्या उतरला आणि पहिला हंडा भरून वर आणला. तो त्याला नीट उचलताही आला नाही. अर्धे पाणी त्याच्याच अंगावर सांडले, चेहऱ्याचा उरलासुरला रंग वाहून गेला आणि खाली मोरोबा खोत दिसू लागला. वेडावाकडा, ओला आणि हसत. हो, तो हसत होता. शाणूने तेव्हा दहीकाल्याचा ताल धरला, आणि भरदुपारी, तळ्याच्या काठावर, गणबा नाईकाने हंडी फोडली.

खोताने ते लाजेने केले, तहानेने केले की दाद मिळावी म्हणून केले, यावर गावात अजून वाद आहे. धाकू घाडी तिन्ही कारणे मोजतात आणि म्हणतात, "माणसाच्या पोटात येकच कारण कधी असता?" मात्र एक गोष्ट ते ठामपणे सांगतात. निघून जायची वाट होती तोवर खोताने काही दिले नाही. निळ्या फलकावर 'दान' लिहिणाऱ्यांनी एवढे तरी विचारात घ्यायला हवे होते. गंगूच्या हातात होते ते दान. खोताने दिली ती थकलेली बाकी.

त्या वर्षी सगळा गाव हंडे भरत असूनही तळ्याचे पाणी पाऊस पडेपर्यंत एक पायरीही खाली गेले नाही, असे सांगतात. आणि ते बाकडे. दुसऱ्या दिवशी मंडळी ते उचलायला आली तर ते हलेना. सहा माणसांनी जोर लावला. राजाने शब्द पाळला ती जागा देवाने धरून ठेवली, असे म्हणतात. लाकडाचा दगड झाला. मंडळीने नवे बाकडे करून घेतले.

पुढच्या चैत्रात गणबा नाईकाला वाटले होते की आपल्याला खांबवळचे बोलावणे येणार नाही. पण मोरोबा खोत स्वतः दुसऱ्या गावी जाऊन त्याला भेटला आणि जरा अडखळत विचारले, "यंदा राजा कोण करता?" तो मरेपर्यंत दरवर्षी राजा झाला. शेवटपर्यंत त्याला भुवया काढता आल्या नाहीत आणि झिलूपुढे एकदाही बोलण्यात टिकला नाही. पण तो उत्तर द्यायचा आणि जे बोलेल ते पुढच्या जत्रेच्या आत करायचा. बेडे त्याने उखडून टाकले. बागेचा पाट गावाने ठरवलेल्या वेळी वाहू लागला. गंगूचा मुलगा पुढे मंडळीत मृदंग वाजवू लागला, असेही सांगतात.

तेव्हापासून खांबवळीत ही रीत पडली. इतर गावांत दानव पहाटे मरतो. इथे आख्यान दुपारपर्यंत चालते आणि दानव मरत नाही. राजा होतो तो गावात ज्याच्या हातात काही असेल तो. कधी सरपंच, कधी तलाठी, कधी पतपेढीचा अध्यक्ष. झिलूचा वारसा चालवणारा नट त्याला एकच प्रश्न विचारतो, आधी न सांगता, आणि देवासमोर दिलेले उत्तर पुढच्या चैत्रापूर्वी खरे करावे लागते. शाळेचे छप्पर असेच झाले, खालच्या वाडीचा रस्ताही. जत्रेच्या आठवड्यात काही मोठ्या माणसांना अचानक मुंबईची कामे निघतात, ती का, हेही पाहुण्याला आता समजते. त्यांच्या दारावरून मृदंग वाजत जातो, एवढेच.

आजही चैत्रातल्या त्या दुपारी बायका तळ्याच्या काठावर रिकामे हंडे पालथे घालून वाजवतात, आणि मृदंग त्यांच्या मागून चालतो. राजा रंग ओघळलेल्या तोंडाने पायऱ्या उतरतो, पाणी घेऊन येतो आणि पहिली ओंजळ दानवाला देतो. दानव ती पितो, तेव्हा कुठे गाव पितो. काळी शिळा तेवढा वेळही रिकामीच असते. उरलेल्या वर्षभर तिच्याशेजारी धाकू घाडी बसतात, पाहुण्याला समोरच्या पायरीवर जागा करून देतात, आणि गोष्ट संपली की त्याच्या हातात तळ्यातल्या पाण्याचा तांब्या ठेवून शिळेकडे बोट दाखवतात.

"आता बसतास?"

आजवर कोणी बसलेले नाही.